वाचकांचे प्रश्न : तीन दिवस भाजणारी टाईल तासाभरात कशी व्हायला लागली?

गेल्या अंकात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका टाईल्सच्या कारखान्याबद्दल लिहिलं होतं. मी १९७९ ते २००६ तिथे होतो, आधी लॅबमध्ये, मग भट्टीवर, आणि आता तिथे गोडाऊन झालीत, एवढंच काय ते त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. कुणी वडिलांच्या आठवणी लिहिल्यात, कुणी बाथरूमच्या तक्रारी, आणि दोघातिघांनी तर माझ्याशी भांडणच काढलंय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून सहा पत्रं घेतोय. कारखान्याचं नाव बऱ्याच जणांनी विचारलंय, ते मी लिहिणार नाही, काही गोष्टी तिथे चांगल्या झाल्या नाहीत आणि मालक आता हयात नाहीत, तेव्हा ते राहू दे.

प्रश्न : माझे बाबा ठाण्यातल्या टाईल्सच्या कारखान्यात प्रेसवर होते. ते सांगतात की टाईल दोनदा भाजायची आणि तयार व्हायला आठवडा लागायचा. माझा मुलगा ट्रेनिंगला गुजरातमधल्या मोरबीला जाऊन आला, तो म्हणतो टाईल तासाभरात भट्टीतून बाहेर येते. बाबांना पटतच नाही, कच्ची राहत असणार म्हणतात. खरं कोणाचं? – एक वाचक, कळवा

ताई, दोघांचंही खरं आहे. आधी बाबांची टाईल बघू, म्हणजे मुलालाही कळेल की आजोबा काय करत होते.

सहा बाय सहा इंचांची पांढरी वॉल टाईल. बॉल क्ले म्हणजे चिकट माती, ती बिकानेरकडची, फेल्डस्पार हा खनिज दगडही राजस्थानातला, त्यात चायना क्ले म्हणजे पांढरी माती आणि क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी, हे सगळं पाण्याबरोबर बॉल मिलमध्ये तासन् तास फिरायचं. बॉल मिल म्हणजे एक मोठं आडवं पिंप, आत दगडगोटे, ते गरागरा फिरतं आणि माल दळला जातो. जी राबडी निघायची तिला आम्ही स्लिप म्हणायचो, ती फिल्टर प्रेसमध्ये दाबून पाणी काढायचं, जाड पोळे निघायचे, ते वाळवायचे, परत दळायचे, चाळायचे, आणि मग ती पावडर प्रेसवर जायची. पावडरीत ओल किती आहे हे लॅबमध्ये आम्ही वजन करून काढायचो पण प्रेसवाल्यांना तेवढा धीर नसायचा, ते मूठभर पावडर दाबायचे, गोळा झाला पाहिजे आणि टिचकी मारली की मोडला पाहिजे, आणि त्यांचा अंदाज बहुतेक वेळा आमच्या आकड्याशी जुळायचा.

बाबांना एक विचारा, पहिला ठोका हलका का मारायचा. बघा ते लगेच सांगतील. फ्रिक्शन प्रेसवर एकदम पूर्ण ताकदीचा ठोका मारला तर पावडरीत अडकलेली हवा बाहेर पडत नाही आणि टाईलच्या आत पापुद्रे सुटतात, वरून काही दिसत नाही पण भाजल्यावर टाईल दोन पदरी फुटते. म्हणून एक हलका ठोका हवा काढायला आणि दुसरा खरा. आज हायड्रॉलिक प्रेस कॉम्प्युटरवर चालते पण तीही आधी हलकं दाबते, थांबते, थोडी सैल होते आणि मगच पूर्ण दाबते. बाबांच्या हाताची ती सवयच मशीनमध्ये घातलीये.

मग भट्टी. टनेल किल्न, म्हणजे लांब बोगदा, त्यातून रुळावर ट्रॉल्या अगदी मुंगीच्या पावलाने सरकतात. टाईल एकावर एक रचून पहिल्यांदा नुसती भाजायची, त्याला बिस्किट म्हणतात. मग त्यावर ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा थर चढवायचा आणि दुसऱ्यांदा भाजायचं, त्याला ग्लॉस्ट. ग्लॉस्टच्या वेळी टाईल सॅगरमध्ये ठेवायच्या, सॅगर म्हणजे फायरक्लेची जाड पेटी, कारण भट्टी फर्नेस ऑईलवर आणि त्या धुराने पांढऱ्या ग्लेझवर डाग पडायचे. आमच्याकडे बिस्किटला दोन-अडीच दिवस आणि ग्लॉस्टला जवळजवळ एक दिवस जायचा, आणि गंमत अशी की त्या आगीतला बराचसा भाग टाईल तापवण्यात जातच नव्हता, तो सॅगर आणि ट्रॉल्या तापवण्यात जायचा.

इतका वेळ का? कारण रास मोठी. बाहेरची टाईल तापली तरी मधली थंड असते. त्यात क्वार्ट्झचा एक स्वभाव आहे, ५७३ डिग्रीला तो एकदम फुगतो आणि थंड होताना त्याच तापमानाला एकदम आकसतो, तिथे घाई केली की टाईल तडकलीच. शिवाय मातीत जी झाडपाल्याची काळी घाण असते ती जळून जायला वेळ लागतो, नाहीतर टाईल मोडल्यावर मधे काळा पट्टा दिसतो.

आता मुलाची टाईल. रोलर किल्नमध्ये ट्रॉली नाही, सॅगर नाही, रास नाही. सिरॅमिकच्या गोल दांड्या फिरत राहतात आणि त्यांच्यावरून टाईलचा एकच थर पुढे जातो, वरून आग, खालून आग, इंधन गॅस म्हणजे धूर नाही. ताई, मोठ्या टोपातला भात शिजायला वेळ लागतो, पोळी तव्यावर दोन मिनिटांत होते, म्हणून पोळी कच्ची असते का? तसंच आहे हे. इटलीत १९७० च्या दशकात ही भट्टी रुळली आणि पुढे जगभर गेली. आणि एक सांगतो, वॉल टाईल आजही बऱ्याच ठिकाणी दोनदाच भाजतात, फक्त दोन्ही फेऱ्या मिळून दोन-अडीच तासांच्या आत संपतात.

आमच्याकडे रोलर किल्न आली १९९१ मध्ये. पहिल्या रात्रीचा प्रसंग सांगतो. भट्टीवरचे आमचे सगळ्यात जुने फायरमन, ३० वर्षं टनेल किल्न सांभाळलेले, आतल्या आगीचा रंग बघून तापमान सांगायचे, ते मुद्दाम दुसरी शिफ्ट संपल्यावर थांबले होते. पहिलं बिस्किट पन्नासेक मिनिटांत बाहेर आलं. त्यांनी ते उचललं, गार होऊ दिलं, कानाजवळ धरून नखाने वाजवलं, मग जमिनीवर आपटून मोडलं आणि मोडलेल्या कडेला जीभ लावली. बिस्किट जिभेला किती चिकटतं त्यावरून ते किती भाजलंय हे कळतं, जुनी पद्धत आहे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, भाजलंय. एवढंच. आणि घरी गेले. मला तेव्हा आनंद झाला होता, त्यांना काय वाटलं असेल हे मला फार उशिरा कळलं.

पण ताई, बाबांची शंका अगदीच चुकीची नाही. जुनी माती नव्या भट्टीत चालत नाही. पहिले सात-आठ महिने आमची निम्मी टाईल पिनहोलने भरलेली असायची, म्हणजे ग्लेझला सुईने टोचल्यासारखी भोकं. मातीतला गॅस बाहेर पडायच्या आत वरचं ग्लेझ वितळून झाकण बसायचं, मग तो ग्लेझ फोडून बाहेर यायचा. उपाय म्हणून माती बदलली, बॉल क्ले कमी केली, टाल्क आणि वोलास्टोनाईट ही खनिजं घातली, ग्लेझ असं केलं की ते उशिरा वितळेल. फिल्टर प्रेस जाऊन स्प्रे ड्रायर आला, त्यात स्लिपचा फवारा गरम हवेत उडवतात आणि खाली बारीक रव्यासारखी गोल कणांची पावडर पडते, पाच-सहा टक्के ओल असलेली. म्हणजे भट्टी बदलली असं आपण म्हणतो पण भट्टीच्या मागचं सगळंच बदलावं लागलं.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत कारखाना बंद झाला, पण का ते लिहिलं नाहीत. सरळ सांगा ना, युनियनने बंद पाडला. ठाण्यातले सगळेच कारखाने असेच गेले. – एक वाचक, वर्तकनगर

हे मला २० वर्षं ऐकवलं जातंय आणि मी २० वर्षं नाही म्हणतोय. संप झाले, आमच्याकडेही झाला, त्यात दोन्ही बाजूंनी हट्ट झाला हेही कबूल. पण संप मिटल्यावर कारखाना १४ वर्षं चालला. टाईलचे कारखाने इथून गेले त्याचं मूळ माझ्या मते वरच्याच उत्तरात आहे, भट्टीतला वेळ कमी झाला.

कसं ते बघा. टाईल तीन दिवस भट्टीत असते तेव्हा बाकी सगळी कामं सावकाश चालली तरी भागतं, दोन-तीन बॉल मिल, चार प्रेस, हाताने ग्लेझ, चालतंय. भट्टी तासावर आली की ती भुकेल्या माणसासारखी माल मागते. मग मोठ्या मिल पाहिजेत, स्प्रे ड्रायर पाहिजे, वेगवान प्रेस पाहिजे, आणि माल इतका निघतो की तो ठेवायला जागा पाहिजे. त्यात एकेक थराने मोठी टाईल भाजता येते म्हटल्यावर बाजाराने मोठी टाईल मागायला सुरुवात केली, आठ बाय बारा, मग बारा बाय अठरा, मग दोन बाय दोन फूट.

आता प्रेसचं गणित करा. पावडर नीट दाबायला साधारण २५० ते ३०० किलो दर चौरस सेंटीमीटरला लागतात. सहा बाय सहाची टाईल म्हणजे सव्वादोनशे चौरस सेंटीमीटर, म्हणजे साठ-सत्तर टनात काम झालं. दोन बाय चार फुटाची टाईल म्हणजे ७,२०० चौरस सेंटीमीटर, तिला दोन हजार टनांच्या आसपास लागतात. आणि व्हिट्रिफाईड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, असेल तर ती भाजताना सात-आठ टक्के आकसते, म्हणून दाबताना ती अजून मोठी दाबावी लागते. असली प्रेस आमच्या जमिनीवर उभी करायची तर खाली पायाच वेगळा खणावा लागला असता. भट्टीही सरळ रेषेत शंभर-दीडशे मीटर, आजच्या तर २०० मीटरच्या पुढे जातात. आमचा प्लॉट मुळात तेवढा लांब नव्हता. आणि त्याच वेळी ठाण्यात जमिनीचा भाव असा चढत होता की मालकाला टाईल विकण्यापेक्षा टाईलच्या खालची जमीन विकणं सोपं होतं. हे मी रागाने लिहीत नाही, हिशोब तसाच होता.

दुसरीकडे मोरबी-वांकानेर. तिथे आधी कौलांचे कारखाने होते, त्यांना ते नळिया म्हणतात, म्हणजे माती आणि भट्टी हातात बसलेली होती. राजस्थानची माती जवळ, कांडला-मुंद्रा बंदरं जवळ, जागा भरपूर. एकाने भट्टी लावली की शेजाऱ्याने लावली, एका कारखान्याचा फिटर दुसऱ्याकडे जाऊन शिकवतो, सुट्या भागांची दुकानं गावातच. आज देशातल्या टाईलपैकी फार मोठा वाटा तिथून येतो आणि चीननंतर टाईल बनवण्यात आपला देश दुसरा आहे तो मुख्यतः त्यांच्या जिवावर. त्यांचंही सगळं गोड नाही, कोळशापासून गॅस बनवणारे गॅसिफायर तिथे वर्षानुवर्षं चालले, हवा-पाणी खराब झालं, शेवटी मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते बंद करायला लावले आणि सगळ्यांना पाईपच्या गॅसवर जावं लागलं. तेव्हापासून गॅसचा दर वाढला की तिथल्या भट्ट्या थांबतात.

म्हणून म्हणतो, सगळं युनियनवर टाकू नका. आमच्या कामगारांना हिशोबाचे पैसे मिळायला चार वर्षं लागली, काही जण तोवर गेले. त्यांच्यावर वर हा ठपका नको.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यात नक्षीच्या रंगीत फरश्या होत्या, गुळगुळीत, उन्हाळ्यात थंड लागायच्या. त्याही ठाण्यातच भाजत होते का? – एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा

बाई, त्या भाजलेल्याच नव्हत्या! ती सिमेंटची टाईल. साच्यात रंगीत सिमेंट आणि संगमरवराची पूड ओतून, दाबून, पाण्यात मुरवत ठेवायची, आगीचा संबंध नाही. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या प्रेरणेने सिधवा कुटुंबाने भारत टाईल्स सुरू केली आणि विलायतेहून येणाऱ्या फरशीला देशी पर्याय दिला. शंभरी उलटली, अजून त्या फरश्या बनतात.

भाजलेल्या कौलाचा इतिहास त्याआधीचा. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, नेत्रावतीकाठची माती वापरून, आणि ते मंगलोरी कौल पुढे आपल्या कोकणात घराघरावर चढलं. पावडर दाबून केलेल्या आजच्या टाईलचं मूळ मात्र इंग्लंडात. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर याने कोरडी पावडर दाबून बटणं बनवायचं पेटंट घेतलं आणि हर्बर्ट मिंटन या कुंभारकामाच्या कारखानदाराला त्यात टाईल दिसली. बटणाच्या युक्तीवर आजतागायत बहुतेक टाईल बनते, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा शर्टाच्या बटणाकडे बघतच राहिलो होतो.

ठाण्याचं नाव त्यात आलं ते जॉन्सनमुळे. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या परिसरातली, १९०१ ची ही इंग्लिश कंपनी, तिची भारतातली शाखा १९५८ साली निघाली आणि कारखाना ठाण्यात उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, तिची पहिली वसाहत आपली वागळे इस्टेट. आमच्यासारखे छोटे कारखाने त्यानंतरचे, आणि खरं सांगायचं तर आमचे सुरुवातीचे निम्मे कारागीर मोठ्या कारखान्यांत हात बसवून आलेले होते.

प्रश्न : सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. बाथरूमला मूळच्या सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाईल्स आहेत, ३५ वर्षं झाली. त्यावर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं आलंय. मिस्त्री म्हणतो सगळं फोडा. फोडू का? – एक वाचक, नेरूळ

लगेच फोडू नका. आधी ती रेषा कसली आहे ते बघू.

त्या जाळ्याला क्रेझिंग म्हणतात आणि ते फक्त वरच्या ग्लेझला असतं. ग्लेझ म्हणजे काच आणि खालचं अंग म्हणजे भाजलेली माती. काच ताणली की तडकते, दाबलेली असली की मजबूत राहते, म्हणून टाईल बनवताना दोन्हीचं आकसणं असं जुळवतात की थंड झाल्यावर ग्लेझ जरा दाबातच राहील. पण वॉल टाईलचं अंग सच्छिद्र असतं, ते आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पितं. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षं ओल पिऊन ते अगदी किंचित, डोळ्याला दिसणार नाही इतकं फुगतं. ग्लेझ फुगत नाही. मग दाब संपतो, ताण सुरू होतो आणि जाळं येतं. कधीकधी मागच्या सिमेंटच्या आकसण्यामुळेही येतं.

आता तुमचं काम. एक रुपयाचं नाणं घ्या आणि एकेक टाईल वाजवा, चारही कोपऱ्यांत आणि मधे. खणखणीत वाजली तर ती भिंतीला धरून आहे. मडकं तडकल्यावर जसं बद्द वाजतं तशी वाजली तर मागून सुटली आहे, तिच्यावर खडूने फुली मारा. दहा-बारा फुल्या असतील तर तेवढ्याच बदला, त्या मापाच्या पांढऱ्या टाईल जुन्या सामानवाल्यांकडे शोधल्या तर सापडतात. निम्म्याहून जास्त भिंत बद्द वाजत असेल किंवा शेजारच्या खोलीत ओल उतरत असेल तर मात्र फोडा आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करून घ्या, नुसती टाईल बदलून ओल थांबत नाही.

नव्या बसवताना मिस्त्रीवर लक्ष ठेवा. वॉल टाईल सिमेंटवर लावायची तर आधी पाण्यात भिजवायची, नाहीतर ती सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट कच्चं राहतं. व्हिट्रिफाईड टाईल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, तिला भिजवून काही उपयोग नाही, ती साध्या सिमेंटवर धरत पण नाही, तिला अ‍ॅडहेसिव्हच पाहिजे. आणि टाईलच्या मागे चार कोपऱ्यांत चार गोळे लावून चिकटवू देऊ नका, मधली पोकळी पुढे बद्द वाजायला लागते, पूर्ण पाठ भरली पाहिजे.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. टाईल्सच्या कारखान्यात बॉडी प्रिपरेशनला, म्हणजे माती दळून तयार करायच्या खात्यात, २२ वर्षं होते. खोकला जात नाही, जिना चढताना धाप लागते. डॉक्टर वयाचं म्हणतात. – एक वाचक, कोपरी

हे पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि दोनदा वाचलं. मी डॉक्टर नाही, पण त्या खात्यात काय हवा होती ते मला माहितीये. क्वार्ट्झची पूड कोरडी दळली, चाळली, फावड्याने भरली की जी सगळ्यात बारीक धूळ उडते ती डोळ्यांना दिसतही नाही आणि तीच फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. त्याने सिलिकोसिस होतो. तो हळूहळू होतो, काम सोडल्यावरही वाढू शकतो, आणि ज्यांना आहे त्यांना टीबीचा धोका जास्त असतो.

म्हणून डॉक्टरांना फक्त खोकला आहे असं सांगू नका, वडिलांनी कुठल्या खात्यात, किती वर्षं, कसल्या धुळीत काम केलं हे कागदावर लिहून द्या. बरेच डॉक्टर विचारत नाहीत कारण आता शहरात असले कारखानेच उरले नाहीत. छातीचा एक्स-रे, श्वासाची तपासणी आणि थुंकीची तपासणी करून घ्या, छातीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे जा. सिलिकोसिस हा कायद्यानुसार नोंद करावी लागणारा व्यवसायजन्य आजार आहे. वडिलांचं जुनं ईएसआय कार्ड, पगाराच्या स्लिपा, ओळखपत्र, जे असेल ते एका फाईलमध्ये ठेवा, कारखाना बंद झाला असला तरी हे कागद लागतात.

नव्या कारखान्यांत दळण ओलं, पावडर बंद पाईपमधून, प्रेसवर धूळ ओढणारे पंखे, हे मी आधुनिकीकरणातलं सगळ्यात मोठं काम मानतो, रंगीत डिझाईनपेक्षा कितीतरी मोठं. आमच्याकडे तोंडाला बांधायला फडकं मिळायचं. ते मीच लॅबमधून वाटायचो, आणि त्याने काही होत नाही हे मला तेव्हाही थोडंफार माहीत होतं. हे लिहायचं होतं, लिहिलं. वडिलांची तपासणी लांबवू नका आणि काय निघालं ते मला मासिकाच्या पत्त्यावर कळवा.

प्रश्न : मी सिरॅमिकचा डिप्लोमा करतोय. आता डिझाईन डिजिटल, सॉर्टिंग कॅमेऱ्याने, भट्टी कॉम्प्युटरवर. मग हाताने शिकण्यासारखं काय उरलं? – एक विद्यार्थी, ऐरोली

पुष्कळ उरलंय, पण आधी काय गेलं ते ऐक. स्क्रीन प्रिंटिंगचं आमचं टेबल होतं. एका फुलाच्या डिझाईनला तीन रंग म्हणजे तीन जाळ्या, प्रत्येक टाईल तीन वेळा जाळीखाली, स्क्वीजी म्हणजे रंग पसरवायची रबरी पट्टी एका दमात ओढायची, मधे हात थांबला की तिथे रंग जाड. टाईलवर जाळी टेकते, त्यामुळे ती फुटायचीही बरीच. मग छपाईचे रोलर आले, आणि २००० साली स्पेनमध्ये टाईलसाठी इंकजेट मशीन आली. आपल्याकडे साधारण २०१० पासून तिचा धडाका लागला. ती टाईलला स्पर्शच करत नाही, वरून शाईचे थेंब सोडते, म्हणून खडबडीत टाईलवरही छापते आणि एकाच बॉक्समधल्या टाईलवर संगमरवराच्या वेगवेगळ्या रेषा देते.

पण शाई म्हणजे घरच्या प्रिंटरची नाही, ती दळलेल्या धातूच्या ऑक्साईडची. कोबाल्टचा निळा, लोखंडाचा तपकिरी, प्रासिओडिमियम-झिरकॉनचा पिवळा, असे मोजकेच रंग ११०० डिग्रीच्या वर टिकतात, भडक लाल अजूनही अवघड आणि महाग. स्क्रीनवर दिसलेला रंग भट्टीतून तसाच येत नाही. भट्टीत दहा डिग्री इकडेतिकडे झाली, ग्लेझ जरा जाड बसलं, की शेड बदलली. म्हणून बॉक्सवर शेड नंबर आणि बॅच नंबर छापतात, आणि म्हणून घरात टाईल लावताना एकाच बॅचची, चार-पाच टक्के जास्त घेऊन ठेवायची. तुला जर कळलं की मशीनने बरोबर छापलेलं भट्टीने का बिघडवलं, तर तुला कुठल्याही कारखान्यात मान आहे. हे कॅमेरा सांगत नाही, तो फक्त बिघडलंय एवढंच सांगतो. पुढे शिकायचं असेल तर केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था, जी कोलकात्याला १९५० पासून आहे, तिची खुर्जा आणि अहमदाबादजवळ नरोड्याला केंद्रं आहेत, तिथल्या ट्रेनिंगची चौकशी कर.

आणि कान तयार कर. आमच्याकडे सॉर्टिंगला दिघा, घणसोली, कळव्याच्या बायका होत्या, ट्यूबलाईटखाली बसून एका हातात दोन टाईल धरून एकमेकींवर हलकेच आपटायच्या, दिवसभर टण टण टण, आणि मधेच एक बद्द आवाज आला की ती टाईल न बघताच बाजूला. गप्पा चालू, हात चालू, चूक नाही. त्यातल्या एका ताईंची दोन वर्षांपूर्वी कापूरबावडीला टाईलच्या दुकानात गाठ पडली, मुलाच्या नव्या घरासाठी आल्या होत्या. दुकानदार मोबाईलवर डिझाईन दाखवत होता. त्यांनी एक बॉक्स उघडायला लावला, आतल्या टाईल एकेक करून बोटांवर तोलून वाजवल्या, पाचवी खाली ठेवली आणि म्हणाल्या ही फुटकी आहे. दुकानदाराने उलटीसुलटी करून बघितली, त्याला काही दिसेना. मग त्यांनी पाठीवर थोडं पाणी लावलं, फडक्याने पुसलं आणि त्याच्यासमोर धरली, तेव्हा कोपऱ्यातून निघालेली ओली रेघ मलाही दिसली.